शुभ शुक्रवारी ऐकलेल्या घंटा

शुभ शुक्रवारी नाट्यगृहात जावे काय? आमच्या बालपणी हा प्रश्न कुणी विचारला असता, तर उत्तर मिळण्याऐवजी कानच पिळला गेला असता. त्या दिवशी घरातला रेडिओदेखील गप्प असे. सकाळी क्रूसाची वाट, दिवसभर उपवास, दुपारी तीनला मंदिरातील उपासना, आणि संध्याकाळी अंगणात बसून मोठ्या माणसांचे हलक्या आवाजातले बोलणे. गाणे नाही, हसणे नाही. असे संस्कार अंगात भिनलेले आम्ही, काही वर्षांपूर्वी एका शुभ शुक्रवारी, जर्मनीतील मानहाइम शहरात, चार तासांच्या एका संगीतिकेला जाऊन बसलो. त्या अनुभवाविषयी आणि त्या कलाकृतीविषयी चार शब्द लिहावेत असे तेव्हापासून मनात होते. मानहाइमचे ते नाट्यगृह २०२२ साली मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाले. त्याआधीच्या एका वर्षाची ही हकिकत आहे.

संगीतिका होती रिचर्ड वाग्नर यांची ‘पार्सिफाल’. आमची भाची त्या शहरात नोकरीनिमित्त राहते. तिने तिकिटे काढली तेव्हा तीच थोडी बिचकली होती. “मामा, गावी कळले तर काय म्हणतील?” असे तिने विचारलेही. आम्ही तिला म्हटले, आधी मंदिरात जाऊ, मग ठरवू.

दुपारी तीनच्या उपासनेसाठी आम्ही तेथील जेझुइट मंदिरात गेलो. अठराव्या शतकात बांधलेले हे मंदिर संत इग्नेशियस आणि संत फ्रान्सिस झेवियर या दोघांना वाहिलेले आहे. इतक्या दूर, ऱ्हाईन नदीच्या काठी, आपल्या गोव्याच्या झेवियरबाबांचे नाव पाहून मन सुखावले. उपासना आपल्यासारखीच होती. वेदीवर वस्त्र नव्हते, मेणबत्ती नव्हती. पवित्र पेटी रिकामी, तिचे दार उघडे. वाचकांना ठाऊकच आहे की, ख्रिस्तसभेत वर्षभरात शुभ शुक्रवारी मिस्साबली अर्पण केला जात नाही. आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, अभिमंत्रित केलेले ख्रिस्तशरीर तेवढे भाविकांना मिळते. गुरुवारच्या महिमास्तोत्रानंतर घंटाही मुक्या होतात, त्या पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत.

तेथून आम्ही नाट्यगृहात गेलो. आणि पहिल्या अंकाच्या मध्यावर रंगमंचावर घंटा वाजू लागल्या. चार स्वरांच्या, खोल, संथ, पावलांच्या गतीने वाजणाऱ्या घंटा. ज्या दिवशी ख्रिस्तसभेच्या घंटा मौन धरतात, त्याच दिवशी नाट्यगृहाच्या घंटा वाजत होत्या. आणि ज्या दिवशी आमची वेदी उघडी होती, त्याच दिवशी रंगमंचावरच्या वेदीवर चषक उचलला जात होता, भाकर आणि द्राक्षारस वाटला जात होता. आम्हांस प्रथम जाणवली ती भक्ती नव्हे, अस्वस्थता. या अस्वस्थतेचा विचार केल्यावाचून ‘पार्सिफाल’विषयी प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही, असे आमचे मत आहे.

ज्यांना कथा परिचित नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. मोन्साल्वात नावाच्या गडावर सरदारांचा एक धर्मसंघ आहे. शेवटच्या भोजनात प्रभू येशूने वापरलेला आणि क्रूसाखाली ज्यात त्याचे रक्त धरले गेले तो चषक, आणि ज्याने त्याच्या कुशीत भोसकले तो भाला, या दोन पवित्र वस्तूंचे ते रक्षक. त्यांचा राजा आम्फोर्टास क्लिंगझोर या मांत्रिकाच्या मोहक बागेत कुंड्री नावाच्या स्त्रीच्या पाशात सापडला; भाला हातचा गेला आणि त्याच भाल्याने त्याच्या कुशीत जखम झाली. ती जखम भरत नाही. चषकाचे दर्शन घडविणे हे राजाचे कर्तव्य. आणि दर्शन घडविले की त्याला मरणही येत नाही आणि जखम मात्र पुन्हा वाहू लागते. एक निष्पाप, अडाणी मुलगा करुणेतून शहाणा होऊन येईल आणि तोच मुक्ती देईल, असे भाकीत त्याला मिळालेले आहे. पार्सिफाल हा तो मुलगा. तो एका हंसाला बाण मारून रंगमंचावर प्रवेश करतो, राजाचे दुःख पाहून दगडासारखा उभा राहतो आणि हाकलला जातो. दुसऱ्या अंकात कुंड्रीच्या चुंबनाच्या क्षणी त्याला मोहाऐवजी आम्फोर्टासची जखम आठवते. तो भाला परत मिळवतो, आणि पुष्कळ भटकंतीनंतर, तिसऱ्या अंकात, एका शुभ शुक्रवारी सकाळी गडाच्या रानात परत येतो.

वाग्नर यांची ही अखेरची कृती. २६ जुलै १८८२ रोजी बायरॉइट येथील त्यांच्या स्वतःच्या नाट्यगृहात तिचा पहिला प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १८८३ रोजी, व्हेनिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी तिला संगीतिका म्हटले नाही. रंगमंचाचे पावित्र्य प्रस्थापित करणारा उत्सवी खेळ, अशा अर्थाचे एक लांबलचक जर्मन नाव त्यांनी तिला दिले. बायरॉइटबाहेर तिचा प्रयोग होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९०३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ती इच्छा मोडली. आणि युरोपातील स्वामित्वहक्काची मुदत संपताच, १९१४ च्या आरंभापासून, अनेक शहरांत ती एकदम रंगमंचावर आली. मानहाइमने तर १९५७ सालापासून तेव्हाचे संचालक हान्स श्यूलर यांनी बसविलेला एकच प्रयोग जपून ठेवला आणि वर्षानुवर्षे शुभ शुक्रवारच्या सुमारास दाखविला. जुने नाट्यगृह १९४३ च्या बाँबवर्षावात जळाले होते. नवे १९५७ मध्ये उघडले, आणि त्याच वर्षीचा हा प्रयोग. मंचावर जवळजवळ काहीच नाही. अंधार, आणि त्यातून प्रकाशाने उभे केलेले रान, सभागृह, बाग. युद्धात सर्वस्व गमावलेल्या पिढीने भपका टाकून दिला होता, हे पाहताना कळत होते.

आपल्या मराठी संगीत नाटकाची सवय असलेल्या प्रेक्षकाला येथे दोन गोष्टी चमत्कारिक वाटतील. पहिली म्हणजे येथे गद्य नाही. पद संपले, आता संवाद, असा श्वास मिळत नाही. वाद्यवृंद अखंड वाहत राहतो आणि पात्रे त्यावर तरंगतात. दुसरी म्हणजे ‘वन्समोअर’ सोडाच, पहिल्या अंकानंतर टाळीही नाही. पडदा पडला, दिवे लागले आणि सारा प्रेक्षकवर्ग मिस्साहून निघावा तसा मुकाट्याने उठला. कुणीतरी मागे दोन टाळ्या वाजविल्या, तोच चारी बाजूंनी ‘शू’ झाले. या शिस्तीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पहिल्या प्रयोगांच्या वेळी नटांनी पडद्याबाहेर येऊन वंदन करू नये असे वाग्नर यांनी सुचविले, लोकांनी त्याचा अर्थ टाळ्याच नकोत असा लावला. आणि पुढे एका प्रयोगात फुलकन्यांच्या गाण्यावर खुश होऊन स्वतः वाग्नर ‘ब्राव्हो’ ओरडले, तेव्हा भक्तांनी त्यांनाच दटावून गप्प केले! माणसे एखाद्या गोष्टीला धर्म मानू लागली की धर्मसंस्थापकालाही त्यात बोलायला जागा उरत नाही.

आणि हाच आमच्या अस्वस्थतेचा पहिला मुद्दा. वाग्नर यांनी १८८० साली ‘धर्म आणि कला’ या निबंधात अशा आशयाचा विचार मांडला की, धर्म जेव्हा कृत्रिम होतो, तेव्हा त्याचे सारतत्त्व वाचविण्याचे काम कलेकडे येते. ‘पार्सिफाल’ हा त्या विचाराचा प्रयोग आहे. मंदिरातून चषक उचलून तो रंगमंचावर ठेवायचा, आणि प्रेक्षकाला भाविक करायचे. नीत्शे या त्यांच्या एकेकाळच्या मित्राला वाटले की, वाग्नर अखेर क्रूसापुढे कोसळले. आम्हांला नेमके उलटे वाटते. येथे क्रूस कलेच्या सेवेला जुंपलेला आहे. साऱ्या संगीतिकेत येशूचे नाव एकदाही उच्चारलेले नाही, हे लक्षात घ्यावे. मंचावरील विधीत धर्मगुरू नाही, देववचन नाही, पापनिवेदन नाही. तो मिस्सा नव्हे, मिस्साची आठवण आहे. एवढे ध्यानात ठेवले की अस्वस्थता बरीच कमी होते. मंदिरातील उघडी वेदी खरी होती. रंगमंचावरील भरलेली वेदी हे चित्र होते. चित्राला चित्र म्हणून पाहण्यात पाप नाही. चित्रापुढे गुडघे टेकावेत असा आग्रह जेथे जाणवतो, तेथे मात्र ख्रिस्ती माणसाने बसूनच राहावे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. वाग्नर ज्यूद्वेष्टे होते. त्यांनी १८५० साली ज्यू संगीतकारांवर टोपणनावाने विखारी लेख लिहिला आणि १८६९ मध्ये तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. आणि या ‘करुणेच्या’ संगीतिकेचा पहिला प्रयोग ज्यांनी संचालित केला ते हेर्मान लेव्ही एका ज्यू धर्मगुरूचे चिरंजीव होते. बव्हेरियाचे राजे दुसरे लुडविग यांचा वाद्यवृंद हवा, तर त्याचा संचालकही घ्यावा लागणार, म्हणून वाग्नर यांनी त्यांना स्वीकारले. बाप्तिस्मा घेण्याविषयी त्यांच्यावर दडपण आणले. १८८१ साली आलेले एक निनावी निंदापत्र त्यांच्या हाती दिले. लेव्ही अपमानित होऊन शहर सोडून गेले. वाग्नर यांनीच पत्रे लिहून त्यांना परत बोलावले. लेव्ही यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, पण संगीतावरचे प्रेमही सोडले नाही. बाप्तिस्मा हे दान आहे, अट नव्हे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. रंगमंचावर कुंड्रीचा बाप्तिस्मा इतक्या हळुवार स्वरांत रचणाऱ्याला ते कळले नाही. ज्या सरदारांच्या संघात ‘शुद्धता’ हा शब्द वारंवार येतो, त्या शब्दाकडे पुढच्या शतकाचा इतिहास जाणणारा माणूस निर्धास्तपणे पाहू शकत नाही.

मग ही संगीतिका टाकून द्यावी काय? आम्ही तसे म्हणणार नाही, कारण संगीत वाग्नर यांच्यापेक्षा मोठे आहे. दोन जागा सांगतो. चषकाचा म्हणून जो स्वरबंध पुन्हा पुन्हा येतो तो वाग्नर यांचा नाही. ड्रेस्डेनच्या राजदरबारातील कॅथोलिक प्रार्थनामंदिरासाठी योहान गॉटलीब नाउमान यांनी अठराव्या शतकात रचलेले ते ‘आमेन’ आहे. वाग्नर १८४३ पासून सहा वर्षे ड्रेस्डेनला संगीतसंचालक होते. तेथे ते त्यांच्या कानावर पडले असणार. पायरी पायरीने वर चढत जाणारे हे छोटे आमेन वाद्यवृंदातून उमटते, तेव्हा वाटते की सगळ्या नाटकीपणात एक खरी प्रार्थना चुकून आत आली आहे. दुसरी जागा तिसऱ्या अंकातील. कुंड्री पार्सिफालचे पाय धुते, केसांनी पुसते; शुभवर्तमानातील त्या पापी स्त्रीचे स्मरण कुणालाही होईल. तो तिला बाप्तिस्मा देतो, आणि मग सभोवतालच्या कुरणाकडे पाहून त्याला आश्चर्य वाटते की, आजच्या या शोकाच्या दिवशी गवत आणि फुले इतकी प्रसन्न का? वृद्ध गुर्नेमान्त्स सांगतो की, सृष्टीला क्रूसावरचा प्रभू दिसत नाही. तिला दिसतो तो मुक्त झालेला मनुष्य, आणि म्हणून ती हसते. त्या वेळचे वाद्यसंगीत आम्ही विसरणार नाही. लहानपणी आम्हांस नेहमी कोडे पडे की, शुभ शुक्रवारीही आमच्या वाडीतली जास्वंद का फुलते. त्या कोड्याचे उत्तर साठी उलटल्यावर एका परक्या देशात मिळाले. ही कल्पना शुभ शुक्रवारच्या सकाळी सुचली असे वाग्नर आत्मचरित्रात सांगतात. पुढे पत्नीजवळ मात्र त्यांनी कबूल केले की तो शुभ शुक्रवार नव्हता, नुसती एक प्रसन्न सकाळ होती. असो. संगीत खोटे बोलत नाही.

आपल्या देशाचाही या कृतीत एक धागा आहे. १८५६ साली वाग्नर यांनी गौतम बुद्धाच्या जीवनावरील संगीतिकेचा आराखडा केला होता. भिक्षू आनंद आणि त्याच्यावर प्रेम करणारी प्रकृती यांची ती कथा. रवींद्रनाथांनी १९३३ साली ‘चंडालिका’ लिहिली ती याच कथेवर. वाग्नर यांच्या आराखड्यात प्रकृतीने पूर्वजन्मी एका चांडाळपुत्राच्या प्रेमाला कुत्सित हसून झिडकारले होते. ती संगीतिका कधी झाली नाही. पण ते हसणे ‘पार्सिफाल’मध्ये आले. क्रूस वाहणाऱ्या प्रभूला पाहून कुंड्री हसली, आणि त्या हसण्याचे ओझे घेऊन ती जन्मोजन्मी भटकते. पुनर्जन्म ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही. परंतु दुसऱ्याच्या वेदनेला हसणारा माणूस पुढे रडूही शकत नाही, ही शिक्षा मात्र आम्हांस खरी वाटली.

आता आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो. वाग्नर यांनी कथा घेतली ती तेराव्या शतकाच्या आरंभीच्या वोल्फ्राम फॉन एशेनबाख या कवीच्या ‘पार्त्सिफाल’ महाकाव्यातून. तेथे ग्राल हा चषक नसून एक दिव्य शिळा आहे, आणि दर शुभ शुक्रवारी कबुतर स्वर्गातून येऊन तिच्यावर पांढरी ओस्ती ठेवते. पण खरा फरक आहे तो शेवटात. त्या महाकाव्यात जखमी राजा हा नायकाचा सख्खा मामा. त्याला बरे करण्यासाठी भाला लागत नाही. भाच्याने एवढेच विचारायचे असते की मामाला काय होते आहे. पहिल्या भेटीत तो तरुण शिष्टाचाराच्या भीतीने गप्प राहतो, आणि तेवढ्या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी त्याला वर्षानुवर्षे भटकावे लागते. अखेर तो प्रश्न विचारतो आणि राजा बरा होतो.

वाग्नर यांनी हा प्रश्नच काढून टाकला. त्यांच्या पार्सिफालला राजाचे दुःख आतून उमगते, परंतु तो विचारत नाही. तो भाला आणतो आणि जखमेला टेकवतो. प्रश्नाच्या जागी पवित्र वस्तू आली. रंगमंचाच्या दृष्टीने हे प्रभावी आहे, आणि त्या क्षणीचे संगीत दिपवून टाकणारे आहे. तरी आमच्या मते येथे तो जुना कवी शुभवर्तमानाच्या अधिक जवळ आहे. प्रभू येशू आंधळ्याला बरे करण्यापूर्वी विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. करुणा म्हणजे केवळ काळीज हलणे नव्हे. ती तोंड उघडते, विचारते, आणि उत्तर ऐकायला थांबते. वाग्नर यांची कुंड्री तिसऱ्या अंकात सेवेचा एक शब्द दोनदा उच्चारते आणि नंतर गप्प होते; पडदा पडताना ती निष्प्राण होऊन कोसळते. तिलाही कुणी काही विचारत नाही.

आणि येथे ही संगीतिका आपल्या धर्मग्रामापर्यंत येऊन पोहोचते. पहिल्या अंकातील ते दृश्य आठवावे. सरदार रांगेने येतात. त्यांना चषकाचे दर्शन हवे आहे, बळ हवे आहे. राजा किंचाळतो की मला वेदना होतात, एवढे आज करायला लावू नका. कुणी त्याच्याकडे पाहत नाही. शवपेटीसारख्या कोनाड्यातून वृद्ध बापाचा आवाज येतो की, विधी चालू कर. शेवटी तो चषक उचलतो, सारे तृप्त होऊन निघून जातात, आणि त्याची जखम वाहत राहते. आम्ही ते पाहत असताना आमच्या डोळ्यांसमोर अनेक धर्मगुरू येऊन गेले. ज्यांच्याकडून आपण मिस्सा घेतला, पापक्षमा घेतली, आपल्या मुलांचे बाप्तिस्मे आणि लग्ने लावून घेतली, आणि ज्यांना, फादर, तुम्ही कसे आहात, असे एकदाही थांबून विचारले नाही. घरोघरी आजारी आईबापांच्या खाटा आहेत. त्यांच्या शेजारी क्रूस आहे, जपमाळ आहे, लुर्डचे पाणी आहे. प्रश्न आहे काय? पवित्र वस्तू घरात असणे चांगलेच. पण ती प्रश्नाची जागा घेऊ लागली, तर आपणही त्या गडावरचे सरदारच.

प्रयोग संपला तेव्हा रात्र झाली होती. साडेपाच तास, मध्यंतरे धरून, खुर्चीत बसल्याने आमचा उजवा गुडघा आखडला होता, आणि ट्रामच्या थांब्याकडे जाताना आम्ही तो लपवीत होतो. भाची थांबली आणि म्हणाली, “मामा, तुम्हांला चालायला त्रास होतोय का? कधीपासून?” गुडघा काही बरा झाला नाही. पण गेल्या वर्षभरात जे कुणाला सांगितले नव्हते ते आम्ही तिला थांब्यावर बसून सांगितले. दोन ट्राम निघून गेल्या.

शुभ शुक्रवारी नाट्यगृहात जावे काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: मंदिरात आधी जाऊन आला असाल, आणि मंदिर कोणते व रंगमंच कोणता हे विसरणार नसाल, तर जावे. ‘पार्सिफाल’ ध्वनिमुद्रित स्वरूपात सहज मिळते. चार तास जमत नसतील, त्यांनी तिसऱ्या अंकातील शुभ शुक्रवारचे संगीत तेवढे तरी ऐकावे. ऐकून झाले की घरात जो सर्वांत कमी बोलतो, त्याच्याजवळ जाऊन बसावे.